खैरपाळच्या डोमाची दोरी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खैरपाळच्या तळ्याकाठचा पिंपळ अजून कुणा पाखराच्या पोटात होता तेव्हा, त्या गावात डोमा नावाचा एक ढीवर, म्हणजे मासे धरून जगणारा, राहत होता. तळं उंचावर, त्याला अडवणारी मातीची लांब पाळ, पाळीच्या पायथ्याशी चाळीस घरांचं गाव, आणि गावामागे टेकडी. पाळीला अगदी चिकटलेलं घर डोमाच्या लेकीच्या सासरचं. लेकीचं नाव कौतिका. तिची आई केव्हाच वारली होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि बाळ सात दिवसांचं होतं.

पौषात तळ्यावर वेलींची आणि शेवाळाची इतकी जाड गादी धरायची की तिच्यावरून बगळे चालत. पाणी गारठलं की मरळ मासा तळाशी जाऊन बसे, आणि मग जाळं काही कामाचं नसे. ढीवर डोंग्यात बसून त्या गादीला विळ्याने भोक पाडत आणि अंबाडीची दोरी सरळ खाली सोडत. टोकाला गळ, गळाला खोटं आमिष. मासा चिडून झडप घालेपर्यंत ते उचलायचं, सोडायचं, पुन्हा उचलायचं. पण आमिष कोणतं बांधायचं? काशाचा तुकडा, लाखेची लाल कांडी, की म्हशीच्या शिंगाचा काळा कपटा? इथेच भल्याभल्यांची फजिती होई. डोमाची होत नसे. तो दिवसाचा पहिला मासा पाळीवर चिरायचा आणि पोटात काय आहे ते बघायचा. आत मासोळ्या असल्या की कासं, झिंगे असले की लाख, बेडूक असला की शिंग. त्याच्या शब्दावर सारं गाव आमिष बांधायचं. असं म्हणतात, दोरीवर नुसतं बोट ठेवून तो खाली नर आहे की मादी ते सांगे. एवढं खरं धरायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

एका सकाळी धुकं असं दाटलं होतं की हातभरावरचा माणूस दिसेना. डोमाने पहिला मासा चिरला, तर पोटात पांढरी वाळवी, तिकडच्या बोलीत उधई. दुसरा चिरला, त्यातही वाळवी. तिसराही तसाच.

"पांढरं बांधा रे!" डोमा हसत ओरडला. "आन् खरी उधई पायजे असन तं पाळीत वारुळं का कमी हायेत?"

झालं! गडी सबली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन आपल्याच पाळीवर तुटून पडले. डोमाने मोठ्या ऐटीत शिंपल्याचं पांढरंशुभ्र आमिष घासलं, पाळीवरूनच वाकून भोक पाडलं आणि दोरी सोडली.

दोरी तळाला गेलीच नाही. ती आडवी निघाली, थेट पाळीच्या दिशेने. मोठं धूड लागलं म्हणून डोमाने ढील दिली. दोरी सरसर सरत राहिली. त्याने बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा उतरला. मासा ओढताना हिसके देतो. इथे एकही हिसका नव्हता.

तेवढ्यात पाळीखालून त्याच्या विहीणबाईंची किंकाळी आली. "इवाईबुवा! आमच्या घरात पानी निंगालं! जात्यापाशी तुमचा गळ नाचून राह्यला!"

आता डोमाला उमगलं. वाळवी पाण्यात जगत नाही. मग माशांनी ती खाल्ली कुठे? पाळीच्या पोटात. पाणी आत शिरलं होतं, आणि वर सबली चालवायला त्यानेच सांगितलं होतं! सबली थांबल्या. गड्यांनी पाणी शिरत होतं त्या भोकाच्या तोंडाशी पेंढ्या टाकल्या, दगड टाकले. पाळीने ते सारं गिळलं.

"दोरी जात्याच्या खुंट्याले बांध!" डोमाने लेकीला ओरडून सांगितलं. "आन् सारे टेकडीवर जा. आत ढेकूळ पडलं का मले बोटानं समजते. पाळ हाये तवर मी सांगत राहीन. धुक्यात मले काई दिसत नाही, सारे पोचले का हाक द्या, मी येतो."

"बा, तू आदी चाल!"

"तुह्या लेकराले ने, माय."

डोमा पाळीवर बसला. ताणलेल्या दोरीवर त्याचं एक बोट. थोड्या थोड्या वेळाने तो ओरडे, "अजून हाये!" त्या हाकेवर म्हातारे निघाले, वासरं निघाली, आंधळ्या बकाबाईला पाठीवर घेतलं. कौतिका घराघरांत डोकावून सर्वांत शेवटी टेकडीवर चढली.

इतक्यात वारा सुटला आणि पायथ्यावरचं धुकं फाटलं. पाळीला कोनाड्याएवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून येणाऱ्या लोंढ्यात कौतिकाचं घर ढासळत होतं. चाळीस घरांची माणसं आ वासून बघत राहिली. हाक द्यायची आहे याचं कुणालाच भान उरलं नाही.

"अजून हाये!" वरच्या धुक्यातून डोमा ओरडला. कुणी हाक दिली नाही.

"अजून हाये!"

आणि पाळ गेली.

असं म्हणतात, पाणी ओसरलं तेव्हा जात्याचा खुंटा जागच्या जागी होता. त्याला बांधलेली दोरी ताणलेलीच होती, आणि तिचं दुसरं टोक कुणाला सापडलं नाही.

आता खैरपाळ टेकडीवर आहे. पाळ पुन्हा बांधली, पण तिच्या खाली कुणी चूलही मांडत नाही. दर पौषात त्या दिवशी गावातला एक ढीवर पाळीवर दोरी धरून बसतो आणि "अजून हाये" म्हणतो, आणि सारं गाव लेकरं कडेवर घेऊन टेकडी चढतं. शेवटचा माणूस वर पोचला की लहानथोर सगळे एकदम ओरडतात, घसा फुटेपर्यंत ओरडतात.

"डोमाबा, सारे पोचलो! तू ये!"

दोरीवरचा माणूस उठून टेकडी चढेपर्यंत कुणी खाली बसत नाही.