नागव्वाच्या दारातला काळा दगड

हात जोडू नका त्या दगडाला. परवा कुणीतरी हळद-कुंकू वाहून गेलं, ते मी स्वतः धुऊन काढलं. या घाटात पस्तीस वर्षं मैलकुली होतो मी. रस्त्याकडेची गटारं उपसली, दरडी हटवल्या, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला. चहाघराच्या उंबऱ्याशी पडलेला हा काळाकुळकुळीत दगड म्हणजे देव नव्हे. आणि आतल्या ज्या शांततेचे फोटो काढायला तुम्ही गाड्या हाकत येता, ती शांतता म्हणजे एका बाईचा राग आहे.

असं सांगतात, की हा रस्ता पहिल्यांदा फोडला जात होता तेव्हा इथं एक खोपटं होतं. नागव्वा नावाची वडारीण गवती चहा, आलं आणि गूळ उकळून कामावरच्या माणसांना पाजायची. तिचा नवरा तिम्मा आणि आणखी आठ जण पलीकडच्या कड्याखाली दगड फोडायचे. त्यांची एक रीत होती म्हणे. घण घालायच्या आधी कड्यावर हातोडी ठोकायची आणि गप्प उभं राहून ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर काम सुरू. बद्द आला तर आत भेग आहे, बाजूला व्हायचं.

त्या दिवशी आवाज बद्द आला. पण मुकादमाच्या हुकुमाशिवाय जागा सोडणाऱ्याला पुन्हा कामावर घेत नसत, आणि मुकादम तर खोपटात चहा पीत बसलेला. तिम्मानं हाक मारून नागव्वाला निरोप दिला.

"मुकादम, कडा बद्द वाजतोय. माणसं मागं घ्या," ती म्हणाली.

मुकादमाची टकळी चालू होती. आपण कुठले कुठले घाट फोडले, ते तो चार जणांना ऐकवत होता. "तू चहा बघ, कडा मी बघतो," म्हणाला आणि पुढचा घाट सुरू केला.

"अवो, जरा गप बसा! खडं पडत्यात, ऐका तरी!"

त्याला कसं ऐकू येणार? त्याचं स्वतःचंच तोंड चालू होतं मेल्याचं. कप अर्धा झाला आणि कडा खाली आला. नऊच्या नऊ जण गाडले गेले. एक धोंडा गडगडत खोपटाच्या दाराशी येऊन थांबला, तोच हा.

नागव्वानं मुकादमाच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा धोंड्यावर ओतला. "माझ्या दारात कप रिकामा होईस्तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई. उघडलं, तर त्याचा चा दगडावर."

मुकादम पुढं दरवर्षी त्याच दिवशी यायचा म्हणे. ती चहा पुढं ठेवायची. तो "चुकलो, नागव्वा" म्हणायला तोंड उघडायचा, की चहा दगडावर. अशी बावीस वर्षं गेली. तेविसाव्या वर्षी म्हातारा येऊन बसला, तो एक अक्षर बोलला नाही, नुसते डोळे गळत होते. नागव्वानं कप उचलून त्याच्या ओठांपर्यंत नेला. लोकांना वाटलं, सुटला बिचारा. तिनं तोही दगडावर ओतला.

"तवा गप बसला असतास," ती म्हणाली, "तर माझा तिम्मा जगला असता."

लोक म्हणतात, तिनं माफ करायला हवं होतं. मी नाही म्हणत. मी ढिगाऱ्याखालून माणसं ओढून काढलीत.

आजही इथं सकाळचा पहिला कप मुकादमाच्या नावानं भरतात आणि दगडावर ओततात. त्यानंच तो काळा पडलाय. वर बघा, बंगल्यांसाठी डोंगर कापायला यंत्रं लावलीत. गेल्या आठवड्यात त्यांचा साहेब आत बसून फोनवर बडबडत होता. चहाघराच्या मालकिणीनं त्याचा कप उचलून बाहेर ओतला, तर हा हसला. "छान प्रथा आहे," म्हणाला, आणि दगडाचा फोटो काढून घेऊन गेला.

जा आता आत. कप संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. आणि खडे घरंगळल्याचा आवाज आला, तर चहा तिथंच टाकून पळा.