कोलेस्टेरॉल निर्दोष सुटलं

"मग सांगा वस्ताद, चोरी केली एकानं आणि तुरुंगात दुसराच! ह्याला न्याय म्हणायचा का?"

हिंदूराव शेळके तालमीच्या दारातनंच ओरडत आत आला.

आप्पा वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली लाल माती हातानं सारखी करत होते. वय शहात्तर. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण रं तुरुंगात?"

"कोलेस्टेरॉल!"

आम्ही चारपाच जण जोर मारून घाम पुसत बसलो होतो, ते खो खो हसलो. हिंदूराव हसला नाही. त्यानं मांडीवर असा शड्डू ठोकला की खिडकीतली कबुतरं उडाली.

हा गडी एकेकाळी मैदानं मारलेला, वस्तादांचा लाडका पठ्ठ्या. कसरत सुटून वीस वर्षं झाली, खुराक मात्र तसूभर कमी झाला नव्हता. दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यानं कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कचऱ्यात फेकून दिल्या. त्याची बायको मालूताई सकाळीच तालमीच्या उंबऱ्यापाशी येऊन वस्तादांपुढं रडून गेली होती.

"अटॅकच्या आधी आठच दिवस रिपोर्ट काढला होता, वस्ताद. नॉर्मल! एकदम नॉर्मल! तरी मी पडलो का न्हाई? आणि आमचा चुलता... रोज वाटीभर तूप. नव्वदीला गेला, तोबी आंब्यावरनं पडून!"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, एकट्या त्यानंच होतं असं न्हाई. साखर, तंबाखू, बीपी, घराण्याचं रक्त, सगळं मिळून होतं. पण गोळी घ्याच! आता बघा की! कबूलबी करतोय आणि सोडतबी न्हाई!"

वस्तादांनी आता कुठं त्याच्याकडं बघितलं.

"प्रश्न झकास हाय तुझा."

हिंदूराव असा फुलला म्हणता! आमच्याकडं वळून बघितलं, मिशीवरनं हात फिरवला.

"चपला काढ. हौद्यात ये."

"मी? अहो, डॉक्टरनं..."

"कुस्ती न्हाई धरायची. ये."

तो मातीत उतरला. वस्तादांनी उजवा हात पुढं केला.

"ह्या हातानं किती पाडले मी?"

"अख्खा जिल्हा, वस्ताद."

"मग ह्याच्यावरची नजर काढू नको."

हिंदूरावनं दोन्ही हातांनी मनगट गच्च धरलं. डोळे हातावर. आम्ही सगळे हौद्याच्या कडेला येऊन उभे राहिलो, काय होतंय ह्याची उत्सुकता आम्हालाच जास्त.

वस्तादांनी डाव्या पायानं त्याच्या टाचेला नुसता हिसका दिला. मोकळ्या हातानं पाठ सावरली आणि त्याला अलगद मातीत बसवलं.



मग हिंदूराव बसल्या जागी टाळ्या पिटायला लागला.

"हेच! हेच सांगतोय मी तीन आठवडे! सगळं जग हाताकडं बघत बसलंय आणि पाडतोय पाय! हात निर्दोष हाय, वस्ताद! तुम्हीच सिद्ध केलं!"

आयला, खरंच की! आम्हालाही पटलं. कुणीतरी शिट्टी मारली.

"बरं," वस्ताद म्हणाले. "ऊठ. आता हात सोड, पायाकडं बघ."

हिंदूराव उठला. उंदरावर मांजर टपावं तसा वाकून डाव्या पायाकडं बघत राहिला.

"आता पाडून दाखवा म्हणावं!"

पाय हलला नाही. उजवा हात वरनं मानेवर आला, थोडं वजन पडलं, आणि हिंदूराव पुन्हा मातीत.

ह्या वेळेला शिट्टी वाजली नाही.

तो तसाच बसून राहिला. गालाला माती. त्याचा हात आपसूक छातीवर गेला. वस्ताद त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

"मला भ्या वाटतंय, वस्ताद," हिंदूराव हळूच म्हणाला. "रिपोर्ट चांगला असून अटॅक आला. मग इश्वास ठेवू कशावर?"

"मालूलाबी भ्या वाटतंय."

हिंदूरावनं चमकून त्यांच्याकडं बघितलं.

"सकाळी येऊन गेली."

हिंदूरावनं खाली बघितलं. बराच वेळ मातीत बोटं फिरवत राहिला. मग एकदम मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण खुमखुमी काही गेली नव्हती.

"ते सगळं खरं. पण मला पाडलं कुणी? हातानं का पायानं? हे इचारायचंच न्हाई का मी?"

वस्तादांनी त्याच्या दोन्ही काखांत हात घातले. ह्या वयात एवढा ऐवज उचलायचा म्हणजे काय खेळ आहे? आम्ही धावलो, तर त्यांनी नजरेनंच थांबवलं. एका दमात त्याला वर घेतलं, पायावर उभं केलं, आणि पाठीवरची माती झटकली.

"इचार की, लेका. जन्मभर इचार. फक्त गोळी घे, आणि उभ्यानं इचार."