साळुंकीचं ‘फिट’

खरं तर ही गोष्ट कुणाला सांगणार नाही, असं साळुंकीला कबूल केलं होतं. पण आता खूप वर्षं झाली, सांगते.

सायकलच्या एका दुकानासमोर चिंचेच्या झाडावर एक साळुंकी राहायची. चाक नीट बसलं की मिस्त्री म्हणायचा, “फिट!” तो शब्द तिला फार आवडला. घरटं झालं, फिट! पोट भरलं, फिट!

एकदा शेजारच्या खारूताईचं पिल्लू तापानं फणफणलं. साळुंकीला त्याच्याजवळ बसवून खारूताई औषधाचा पाला आणायला ओढ्यावर गेली. इकडे ताप उतरला आणि पिल्लू उड्या मारू लागलं. साळुंकी आनंदानं ओढ्यावर उडत गेली. “खारूताई, पिल्लाला फिट आली!”

खारूताईच्या तोंडातला पाला गळून पडला. ती रडतच धावत सुटली. ते ऐकून ओढ्यावरच्या एका कावळ्यानं हुंगवायला कांदा उचलला. झाडावर पोचताच त्यानं तो पिल्लाच्या नाकाशी धरला, तर पिल्लानं कचकन चावाच घेतला!

“अगं बये, फिट आहे म्हण की!” पिल्लाला कवटाळत खारूताई हसू लागली. “फिट आली म्हणजे झटके आले!”

“पण शब्द तर तोच ना?” साळुंकी ओशाळली.

“तोच. पण त्याच्या शेजारी कोण बसलंय, तेही बघावं बाई,” कावळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम विचारलं, “काय साळुंकीबाई, तब्येत कशी?”

सगळ्या झाडानं कान टवकारले. साळुंकीनं पंख सावरले, नीट विचार केला आणि म्हणाली, “मला अगदी फिट—”

थांबा हं, माझी आई हाक मारतेय. आले गं आई, आले!