शिवेवर बसलेला बैल

फार मागे, एका वर्षी मुलखात मरी आली. शेजारी शेजाऱ्याला दार उघडेना. तेव्हा रीत अशी होती, की मेलेल्यांची अंथरुणं गाड्यात भरायची, वर निंबाचे डहाळे खोचायचे आणि तो गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. मरी त्याच्याबरोबर निघून जाते, असं लोक मानत.

असाच एक गाडा मोऱ्या आणि खैऱ्या हे दोन बैल ओढत होते. शिवेच्या दगडापाशी म्हातारा मोऱ्या थांबला. पलीकडे त्या गावची माणसं धोंडे घेऊन उभी होती.

“चल की आजोबा! गाडा टाकला की सुटलो आपण,” तरणा खैऱ्या म्हणाला.

“बाळा, त्यांच्या मागं पोरं उभी आहेत. ही अंथरुणं त्यांच्या दारात कशी नेऊ?”

“पाठ सोलून निघेल तुझी!”

“निघू दे. माझीच आहे.”

मोऱ्या जुवाखालीच बसला. गाडीवान रखमोजीनं आसूड ओढला, शेपटी पिरगाळली. मोऱ्या कण्हला, पण उठला नाही. मग खैऱ्याही हळूच त्याच्याशेजारी बसला.

पलीकडून एक म्हातारी ओरडली, “मारू नकोस रे मेल्या! आमच्यासाठी मार खातोय तो!”

रखमोजीचा हात खाली आला. त्यानं बैल सोडले आणि गाडा तिथंच पेटवला. पलीकडच्यांनी धोंडे टाकले आणि वाळल्या काट्या आणून त्या जाळात घातल्या.

जाळ बसल्यावर म्हातारी हळद घेऊन मोऱ्याच्या वळांना लावायला आली. मरी आल्यापासून ती शीव ओलांडणारं ते पहिलं माणूस.