सरपंचबाईंची जीप डावीकडं का ओढायची

"मग सांगा ना चाचा, खोट माझ्या हातात आहे का त्या मशीनमध्ये?"

निवृत्ती दारात उभा राहूनच विचारत होता. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

गुलाबचाचा मुलाणी बाजेवर बसून गवार मोडत होते. चाळीस वर्षं गाड्यांखाली निजून काढलेला माणूस. निवृत्ती त्यांच्याच हाताखाली शिकला, पुण्याला कोर्स केला आणि उंब्रजला हायवेवर स्वतःचं गॅरेज टाकलं. चाकं सरळ आहेत का ते सांगणारं कॉम्प्युटरचं मशीन आणलं, त्या दिवसापासून चाचांकडं फिरकला नव्हता.

"गाडी कुणाची?"

"सरपंचबाईंची जीप. पुढची चाकं धरणारे आर्म नवे, त्यांच्या सांध्यातले रबरी बुश नवे. मशीन म्हणतंय, चाकं सरळ. आठ दिवस झाले की गाडी डावीकडं ओढते. दोनदा झालं."

"आणि तिसऱ्यांदा?"

निवृत्तीनं मान खाली घातली.

"भर चावडीत बोलून बसलोय. तिसऱ्यांदा ओढली तर गॅरेजची पाटी उतरवीन."

चाचा हसले नाहीत. उठून अंगणात गेले.

"ये. ह्या चिंचेच्या फांदीला लोंबकळ."

"मी गाडीचं विचारतोय, चाचा…"

"लोंबकळ."

लोंबकळला बिचारा. पाय अधांतरी. चाचांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या कमरेला गुंडाळला आणि करकचून गाठ मारली.

"त्रास होतोय?"

"नाही."

"मग उतर. मांडी घालून बस."

तो बसला. पंचा पोटात रुतला. इकडं सरकला, तिकडं सरकला, शेवटी एका कुशीवर कलला.

"सरळ बस की."

"बसवत नाही."

"मघाशी तर काही त्रास नव्हता."

निवृत्तीनं कमरेची गाठ चाचपली.

चाचा परत बाजेवर गेले. गवारीची शीर ओढू लागले.

तो हळूच म्हणाला, "बुशचे बोल्ट मी गाडी वर उचलून आवळले, चाचा. चाकं खाली लोंबत होती. गाडी खाली बसली की रबर पिळत असणार."

चाचांनी पुढची शेंग घेतली.

तो तसाच पळाला. पंचा कमरेलाच.

त्यानं आवळलेले बोल्ट सगळे ढिले केले. जीप गॅरेजातल्या खड्ड्यावर घेऊन चारी चाकांवर उभी केली, बॉनेटवर चारदा दाबून बसवली. गाडीचा सगळा भार चाकांवर आला, तेव्हा खड्ड्यात उतरून तेच बोल्ट खालून आवळले. मग मशीन लावलं.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. शेजारचा टपरीवाला सोपाना रोज विचारायचा, "शिडी आणून ठेवू का रे, पाटी उतरवायला?"

महिन्यानं, बाजाराच्या दिवशी, सरपंचबाई आल्या. गॅरेजसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि डोक्यावरचा पदर सावकाश सारखा केला.

जीप रेघ मारल्यासारखी सरळ गेली.

अख्खी टपरी उठून उभी राहिली. सोपानानं त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट पाजला.

निवृत्ती पेढे घेऊन चाचांकडं गेला. ह्या वेळी चप्पल बाहेर काढली. पाया पडला.

"एक सांगा, चाचा. तुम्ही गाडी बघितली नाही, हात लावला नाही. चूक कळली कशी?"

चाचांनी पेढा तोंडात टाकला.

"अकरा वर्षं मी तीच केली."