स्वतः टाकलेली सोंगटी

पूर्वी कधीतरी, जपानातल्या एका डोंगरी गावात एक पाथरवट राहत होता. बायको वारलेली, घरात दुसरे माणूस नाही. बर्फ पडला की खाण बंद व्हायची आणि तीन महिने त्याच्याशी बोलायला कोणी नसायचे.

गावातल्या चहाघरात दोन चौरंग होते. तिथे हिवाळाभर सोंगट्यांचा खेळ चाले. त्याला माजाँग म्हणत. खेळायला चार माणसे लागत. दुसरा चौरंग बरीच वर्षे रिकामा होता. त्या वर्षी रंगाऱ्याच्या चौरंगावरचा चौथा गडी गाव सोडून लेकीकडे गेला. पाथरवट तिथे जाऊन उभा राहिला.

"मला शिकवा. ती जागा मला हवी आहे."

रंगारी म्हणाला, "सोपं आहे मिस्त्री. एक सोंगटी उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी जमवायची. एकच सोंगटी कमी राहिली की 'रिची' म्हणायचं. ती कुणी टाकली की 'रॉन' म्हणून डाव उघडायचा."

"इतकंच?"

"इतकंच."

चौरंगावरचे दुसरे दोघे, तेली आणि दोरवाला, खाली बघून हसले.

पाथरवट जपून खेळला. टाकलेली सोंगटी ज्याच्या त्याच्या पुढ्यात रांगेत उघडी राहत होती. शेवटी त्याला फक्त सात बांबू कोरलेली सोंगटी हवी होती. त्याने रिची म्हटले. तेल्याने तीच टाकली.

"रॉन," पाथरवट म्हणाला.

रंगाऱ्याने मांडीवर थाप मारली. "पुढ्यातली रांग बघा मिस्त्री. सात बांबू सुरुवातीला तुम्हीच टाकलेत. स्वतः टाकलेली सोंगटी दुसऱ्याकडून घेऊन जिंकता येत नाही. दंड."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं तर मजा काय? आम्हीही असेच शिकलो."

पाथरवटाचे कान तापले. नियम त्याला पटला होता. टाकलेले ते टाकलेले. पण तिघांना ठाऊक असून तिघांनी तो गिळून ठेवला, हे त्याला सहन होईना.

"खाणीत नवा माणूस आला की कुठल्या कड्याखाली उभं राहायचं नाही, ते मी आधी सांगतो. डोकं फुटल्यावर नाही."

"इथे डोकं फुटत नाही," दोरवाला म्हणाला. "नुसतं नाक कापलं जातं."

रंगारी म्हणाला, "रागावू नका. जागा तुमची झाली. उद्या कुंभारीण शिकायला येणार आहे. तेव्हा तेवढं तोंड मिटून बसा. बोललात तर जागा गेली."

दुसऱ्या दिवशी कुंभारीण आली. तेल्याने तिला जागा दिली. रंगाऱ्याने तेच सांगितले, तितकेच सांगितले.

"इतकंच?" तिने विचारले.

"इतकंच."

पाथरवटाला आपले मुके घर आठवले. मग त्याने हातातली सोंगटी खाली ठेवली.

"इतकंच नाही, बाई," तो म्हणाला, आणि राहिलेला नियम सांगून टाकला.

"उठा," रंगारी म्हणाला.

पाथरवट उठला. कुंभारीणही उठली. चहावाली किटली ठेवून पुढे आली. "दुसरा चौरंग रिकामाच आहे. मला कधीपासून खेळायचं होतं. तुमच्या हसण्याला भिऊन बसले नाही."

तिघे झाले. तेव्हा तेल्याने आपला पेला उचलला आणि त्यांच्यात जाऊन बसला. "माझ्या त्या दंडाला सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "अजून झोंबतो."

इकडे रंगारी आणि दोरवाला दोघेच उरले. दोघांचा डाव होत नाही. आठ दिवस ते सोंगट्या नुसत्या चाळवत बसले. नवव्या दिवशी रंगारी आला.

"एखादा डाव मलाही द्या."

"बसा," पाथरवट म्हणाला. "आधी सगळे नियम ऐका."

"मला येतात."

"तरी ऐका. इथे सगळ्यांना तीच अट आहे."

चौघांनी आपापल्याला ठाऊक होते ते सगळे एकत्र केले होते. ते एकेक सांगत गेले. रंगारी पुढे सरकून ऐकू लागला. त्यातले दोन नियम त्यालाही कधी कोणी सांगितले नव्हते.

तात्पर्य: शिकवायला बसलात तर हातचे राखू नका. अर्धे सांगून नवख्याच्या फजितीला हसणाऱ्याजवळ बसू नये.