महाराजांचे धुळीचे पाय

भाविकहो, केरोबा महाराज त्या चैत्रात हिंगणमळ्याला होते. गावाबाहेरच्या चिंचेखाली त्यांचा मुक्काम. उन्हाने सगळेच थकले होते. विहिरी आटलेल्या, बैल माना टाकून उभे, आणि कीर्तनाला येणारी मंडळीसुद्धा टाळ वाजवायचे म्हणून वाजवीत. पाणी उरले होते ते फक्त घळीतल्या झऱ्याला. जाताना अर्धा कोस उतार, येताना तितकाच चढ.

गावात पर्वतराव जगदाळे म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. त्यांचे घर मोठे रीतभातीचे, असा लौकिक होता. तो सांगणारे बहुतेक वेळा तेच असत. पाहुणा आला की त्यांची सहा वर्षांची मुलगी तानी हात जोडून उभी राही आणि मोठ्यांआधी बोलत नसे. त्या घरात पाणी आणायची ती त्यांची धाकटी भावजय, कोंडाबाई. तिचा नवरा बैल घेऊन मिठाला कोकणात गेलेला. अंथरुणाला खिळलेली सासू तिच्याकडे, आई नसलेली तानीही तिच्याकडेच. कोंडाबाईला दिवसाला चाळीस हाका जातात, असे शेजारीण सांगे. त्यांत ‘जेवलीस का?’ अशी एकही नसे.

कोंडाबाईची महाराजांवर श्रद्धा. कीर्तनाला जायला सवड नाही, म्हणून ती चढावर नामस्मरण करी.

“नाव घेतल्यानं घागर हलकी होते का गं?” पर्वतराव विचारीत.

“नाही होत, दादा. चढ तेवढा लवकर सरतो.”

संध्याकाळी घास भरवताना ती तानीला चिमणीची गोष्ट सांगे. ती चिमणी घरट्यात शेवटी येणाऱ्याला सगळ्यांत आधी विचारायची, ‘दमलास का?’ पर्वतराव ओट्यावरून म्हणत, “चिमण्यांकडून रीत शिकायची वेळ अजून जगदाळ्यांवर आली नाही.”

एके दिवशी भर दुपारी त्यांनी महाराजांना पाद्यपूजेला बोलावले. सोबत गावातली वीस माणसे. कोंडाबाईने सकाळपासून तीन खेपा केल्या, ते सगळे पाणी मंडळी पिऊन बसली. आत म्हातारी दोन दिवस तापाने फणफणत होती. वैद्यांनी बजावले होते, घोट घोट पाणी देत राहा, घसा कोरडा पडला तर संध्याकाळ दिसायची नाही. म्हणून कोंडाबाईने एक तांब्या उशाशी राखला होता.

पर्वतराव आत आले. “तो तांब्या दे. महाराजांचे पाय धुवायचेत.”

“दादा, हे आत्याबाईंचं आहे. त्यांच्या घशाला कोरड पडलीय.”

“माझी आई आहे ती, मला सांगू नकोस. पुढच्या खेपेचं पाजू. तू नीघ.”

“निघते. जरा टेकते, मग. पाय उचलत नाहीत.”

“बाहेर वीस माणसं ताटकळलीत आणि तू टेकणार?”

बाहेर परातीत महाराजांचे पाय ठेवलेले होते. पर्वतरावांनी तांब्या कलता केला. पाणी पडेना. तांब्या काठोकाठ भरलेला सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो हलवला, उपडा धरला, थेंब नाही.

“तोंडाशी काही अडकलं असेल,” कुणीतरी म्हणाले.

पर्वतरावांनी बोट घातले. बोट ओले झाले.

महाराज भिंतीला टेकून बसले होते. डोळे न उघडताच महाराज म्हणाले, “दमलंय ते पाणी, पर्वतराव. एवढा चढ चढून आलंय. जिनं आणलं ती प्यायली का, तेवढं विचारा. मग पडेल.”

पर्वतरावांनी मंडळींकडे पाहिले. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. पाणी सगळेच प्यायले होते, विचारले कुणीच नव्हते. तेव्हा तानी मोठ्यांआधी बोलली. “काकी सकाळपासून नाही प्यायली.”

पर्वतराव आत गेले. कोंडाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन, चौकटीला धरून उभी होती. त्यांना शब्द सापडेनात. आदराची सारी बोली त्यांना पाठ होती, पण ती वरच्या माणसांसाठी. मागून तानीने धोतर ओढले. “आबा, विचारा ना, दमलीस का.”

“दमलीस का गं?”

कोंडाबाई मटकन खाली बसली. “हो,” ती म्हणाली. “पण आधी आत्याबाईंना द्या.”

पर्वतरावांनी तांब्या आईच्या ओठांशी नेला, आणि काय सांगावे, अलगद धार सुटली! म्हातारी पोटभर प्यायली. मग सुरकुतलेल्या हाताने तिने तो तांब्या सुनेकडे सारला. “आता तू.” कोंडाबाईने तळाशी उरलेले पाणी पिऊन संपवले. थोड्या वेळाने म्हातारीच्या कपाळावर घाम आला, ताप उतरू लागला.

तोवर पर्वतराव घागर घेऊन घळीत उतरले होते. परतले तेव्हा अर्धी घागर अंगावर सांडलेली, धाप आवरत नव्हती. उंबऱ्यात तानी उभी होती. आज तिने हात जोडले नाहीत.

“दमलात का, आबा?”

पर्वतरावांनी घागर उतरवली आणि सगळ्यांदेखत महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“पाय धुवायला आणलंत का पाणी?” महाराजांनी विचारले.

“नाही, महाराज. हे आईचं आणि कोंडाबाईचं.”

महाराज हसले. त्यांचे पाय त्या दिवशी धुतले गेलेच नाहीत. त्या पायांची धूळ पर्वतरावांच्या ओल्या कपाळाला चिकटली, आणि ती तशीच घेऊन, मान खाली घालून, ते घागर आत ठेवायला गेले.